कळणं आणि वळणं : इवल्या यंत्रांची पंचाहत्तर वर्षं

गेल्या डिसेंबरात अमेरिकेतून एक बातमी आली. पेन्सिल्व्हेनिया आणि मिशिगन या दोन विद्यापीठांनी मिळून मिठाच्या खड्यापेक्षाही लहान रोबो बनवला. माझ्या फोनवर ती बातमी पोचली तोवर तिची तीन रूपं झाली होती. एकात हा रोबो कॅन्सर बरा करणार होता, दुसऱ्यात तो लसीच्या सुईतून आपल्या अंगात सोडणार होते, आणि तिसऱ्यात तो चीनने आधीच बनवलेला होता. मूळ बातमी कोणी वाचली होती असं काही वाटलं नाही.

म्हणून आधी ती सांगतो. रोबोचं माप साधारण 200 बाय 300 मायक्रोमीटर, जाडी 50 मायक्रोमीटर. एक हजार मायक्रोमीटर म्हणजे एक मिलिमीटर, यावरून अंदाज करा. तो द्रवात राहतो. त्याला हातपाय नाहीत, पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही. भोवतीच्या पाण्यात विजेचं क्षेत्र तयार करून तो पाण्यातले आयन ढकलतो आणि त्या ओढीने सरकतो. पाठीवर सोलर सेल आहेत, त्यांवर मिळणारी वीज 75 नॅनोवॉट. तेवढ्यावर त्याचा कॉम्प्युटर चालतो. हुकूम प्रकाशाच्या उघडझापीने द्यायचा. एका नगाचा खर्च जेमतेम एक अमेरिकन सेंट. आणि त्याला कळतं काय? तापमान. एका अंशाच्या तिसऱ्या भागाइतका फरक त्याला कळतो. बस्स. ना तो बघतो, ना ऐकतो, ना तुमचं नाव त्याला ठाऊक. वरचा प्रकाश बंद केला की तोही बंद.

आता "बस्स" म्हटलं खरं, पण त्या बस्समध्येच सगळी गंमत आहे. आपल्या मराठीत माणसाबद्दल म्हणतात ना, कळतं पण वळत नाही. यंत्राच्या बाबतीत हेच दोन प्रश्न असतात. त्याला काय कळतं, आणि कळल्यावर ते कुठे वळतं. इंजिनिअर लोक याला सेन्सिंग आणि कंट्रोल म्हणतात. यंत्र मोठं असलं की या दोघांच्या मध्ये भरपूर सामान बसवता येतं, नकाशे, आठवणी, हिशेब. यंत्र लहान केलं की हे सामान एकेक करून बाहेर फेकावं लागतं. शेवटी हातात उरतं एखादं इंद्रिय आणि एखादा नियम. ते इंद्रिय आणि तो नियम कोण निवडतं, हा माझ्या मते या पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासातला खरा राजकीय प्रश्न आहे. "यंत्र विचार करतं का" हा प्रश्न चर्चासत्रांना बरा.

तर सुरुवात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलपासून. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. तिथल्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर नावाचे गृहस्थ मेंदूतल्या विजेचा अभ्यास करत होते. आज आपण ज्याला ईईजी म्हणतो त्यातले ते सुरुवातीच्या मोठ्या लोकांपैकी. त्यांना प्रश्न पडला होता की मेंदूत अब्जावधी पेशी आहेत हे ठीक, पण "जिवंत वाटेल" असं वागायला खरोखर किती पेशी लागतात? उत्तर शोधायला त्यांनी 1948-49 मध्ये दोन कासवं बनवली. नावं एल्मर आणि एल्सी. सामान सगळं जुनंपानं, युद्धातून उरलेलं आणि जुन्या घड्याळांतून काढलेलं. चाकं तीन, मोटारी दोन. मेंदू म्हणून रेडिओचे दोन व्हॉल्व्ह. फक्त दोन! इंद्रियंही दोनच. समोर प्रकाश ओळखणारा एक डोळा, आणि वरचं कवच धडकलं की जुळणारा एक विजेचा संपर्क.

याची करामत नीट समजून घेण्यासारखी आहे. डोळा पुढच्या चाकाच्या दिशेलाच बघतो आणि चाकाबरोबरच फिरतो. अंधारात चाक सतत वळत राहतं, म्हणजे कासव गिरक्या घेत पुढे जातं आणि डोळा आपोआप चारी दिशा चाळतो. उजेड दिसला की वळणं थांबतं, कासव उजेडाकडे निघतं. फार जवळ जाऊन उजेड डोळ्यात खुपायला लागला की पुन्हा वळणं सुरू, म्हणजे ते बाजूला सरकतं. कुठे धडकलं की दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांत असे गुंततात की उजेडाचा विचारच सुटतो. ढकल, वळ, ढकल, वळ, मोकळं होईपर्यंत. आणि बॅटरी उतरली की? व्हॉल्व्हची ताकद कमी झाल्यामुळे प्रखर उजेड खुपेनासा होतो. चार्जिंगच्या खुराड्यात असाच प्रखर दिवा लावलेला असे. भरल्या पोटी जे कासव त्या दिव्यापासून दूर पळे, तेच भुकेलं झालं की सरळ आत शिरे. "भूक लागली की घरी जा" असा हुकूम आत कुठेही लिहिलेला नव्हता. बॅटरी उतरणं हाच हुकूम.

कासवाच्या पुढे एक छोटा दिवाही होता. वळण्याच्या मोटारीवर तो जोडलेला, डोळ्याला उजेड दिसला की विझणारा. आरशासमोर कासव ठेवलं तर त्याला स्वतःचाच दिवा दिसे, दिसला की दिवा विझे, विझला की दिसेनासा होई, मग पुन्हा लागे. कासव आरशासमोर लुकलुकत नाचत बसे. वॉल्टर यांनी लिहिलं की एखाद्या प्राण्याने असं केलं असतं तर आपण त्याला थोडीफार स्वतःची जाणीव आहे असं म्हटलं असतं. त्यांच्या लिहिण्यात मिश्कीलपणा होता. वर्तमानपत्रांना मिश्कीलपणा छापता येत नाही हे माझ्या व्यवसायाचं जुनं दुखणं आहे. जाणीव तेवढी छापली गेली. 1950 साली सायंटिफिक अमेरिकनमध्ये लेख आला, 1951 च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये कासवं लोकांसमोर फिरली, आणि "यंत्राला जीव आला" ही बातमी तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी छापली जातेच आहे.

या कासवांची एक बाजू मात्र तेव्हाच्या कौतुकात मागे राहिली. युद्धाच्या काळात केंब्रिजचे तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक वॉल्टर यांच्याकडे येत. विमानातल्या तोफचींचा नेम कुठे आणि का चुकतो, हा क्रेक यांचा विषय. लक्ष्य शोधत स्वतः वळणारं क्षेपणास्त्र हा त्या दिवसांत सगळ्यांच्याच डोक्यातला विषय होता, आणि उजेड शोधणाऱ्या कासवाची कल्पना त्या गप्पांतून आली असं वॉल्टर यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. क्रेक 1945 च्या मे महिन्यात, युद्ध संपता संपता, सायकलच्या अपघातात गेले. वय अवघं 31. उजेडाकडे जाणारं कासव आणि विमानाच्या गरम इंजिनाकडे जाणारं क्षेपणास्त्र यांच्यात नियमाचा फरक जवळजवळ नाही. फरक आहे तो इंद्रिय कशावर रोखलंय याचा.

याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये क्लॉड शॅनन यांनी थीसियस नावाचा उंदीर केला, 1950 साली. पंचवीस चौकटींच्या भूलभुलैयात तो धडपडत वाट शोधी आणि दुसऱ्यांदा सोडला की न चुकता पोचे. लोक उंदराकडे बघून थक्क. उंदीर मात्र नुसता चुंबक लावलेला ठोकळा होता. खरा मेंदू जमिनीखाली होता, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या साधारण पंचाहत्तर रिलेंचा, आणि खालून सरकणारं चुंबक उंदराला ओढत नेई. आज आपण ज्याला स्मार्ट म्हणतो अशा कितीतरी वस्तूंचा मेंदू असाच दुसऱ्याच्या जमिनीखाली असतो. असो.

उंदराला मेंदूसकट स्वतःच्या पायावर उभं करण्याचं काम एका स्पर्धेने केलं. 1977 मध्ये आयईईई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या मासिकाने आव्हान दिलं की भूलभुलैयातून स्वतः वाट काढणारा मायक्रोमाऊस बनवा. हजारोंनी उत्साह दाखवला, 1979 च्या न्यूयॉर्कमधल्या अंतिम फेरीत प्रत्यक्ष धावले ते थोडेच. आणि जिंकलं कोण? ज्याला नकाशा, आठवण यांतलं काही नव्हतं तो. भिंतीला चिकटून सुसाट पळणारा उंदीर. दार कडेला असेल तर एका बाजूची भिंत सोडली नाही की माणूस कधी ना कधी बाहेर पडतोच, हे आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या पोरालाही माहीत असतं. हुशार उंदीर विचार करत राहिले आणि बावळट उंदीर बक्षीस घेऊन गेला.

मग काय, नियम बदलले. इंग्लंडचे जॉन बिलिंग्सली यांनी 1980 च्या युरोपातल्या स्पर्धेसाठी मुक्काम भूलभुलैयाच्या मध्यभागी हलवला. 16 बाय 16 चौकटी, प्रत्येक चौकट 18 सेंटिमीटरची, सुरुवात कोपऱ्यातून. आता भिंत धरून चाललं तर आयुष्यभर कडेकडेने फिरत राहाल. उंदराला थोडी आठवण ठेवणं भाग पडलं. जपाननेही त्याच वर्षी स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि पुढे या खेळात सगळ्यांना मागे टाकलं. आजचे उंदीर पोटाखाली पंखा लावून स्वतःला जमिनीला चिकटवून घेतात, कारण नाहीतर वळणावर फेकले जातील, आणि सगळा भूलभुलैया चार-पाच सेकंदांत पार करतात. मुंबईच्या आयआयटीतल्या टेकफेस्टमध्येही ही स्पर्धा भरत आली आहे. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांनी याचा धाकटा भाऊ नक्की केलेला असतो, काळ्या पट्टीवरून चालणारा लाईन फॉलोअर. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दोन इन्फ्रारेड सेन्सर, दोन मोटारी, एक बोर्ड. पट्टी डावीकडे गेली की डावीकडे वळ, उजवीकडे गेली की उजवीकडे. पुष्कळ पोरांनी दोन दिवसांत केला आणि व्हायवा झाल्यावर कपाटात टाकला. ग्रे वॉल्टर यांच्या कासवाचा तो थेट वंशज आहे हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर कदाचित टाकला नसता.

1980 च्या दशकात मोठ्या विद्यापीठांतले रोबो कसे होते? कपाटाएवढे. कॅमेऱ्याने खोली बघायची, खोलीचा नकाशा करायचा, नकाशावर वाट आखायची आणि मग फूटभर सरकायचं. सरकेपर्यंत कोणी खुर्ची हलवली की पुन्हा पहिल्यापासून. एमआयटीत रॉडनी ब्रूक्स नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने याला वैतागून उलटी वाट धरली. नकाशा काढूच नका, जग समोरच आहे, पाहिजे तेव्हा त्यालाच विचारा. थर रचा. खालचा थर फक्त धडक टाळणार, वरचा थर भटकणार, त्याच्या वरचा एखादी गोष्ट शोधणार. 1989 मध्ये ब्रूक्स आणि अनिता फ्लिन यांनी एक लेख लिहिला. म्हणणं असं की परग्रहावर एक प्रचंड महाग यान पाठवण्यापेक्षा किडामुंगीएवढे स्वस्त रोबो ढिगाने पाठवा, निम्मे मेले तरी चालेल.

त्याच वर्षी फ्लिन आणि सहकाऱ्यांनी स्क्वर्ट केला. काडेपेटीपेक्षा लहान, वजन साधारण 50 ग्रॅम. मोटार, बॅटरी, कॉम्प्युटर सगळं आत. कान दोन, डोळा एक. वागणं झुरळासारखं. अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसायचं, कुठे आवाज झाला तर ऐकून ठेवायचं, पण लगेच हलायचं नाही. आवाज थांबून बराच वेळ गेला की त्या दिशेने निघायचं आणि तिथे नवा अंधारा कोपरा शोधायचा. सगळा प्रोग्राम दीड किलोबाइटच्या आत.

स्क्वर्टचं वर्णन पुन्हा वाचा. जिथे माणसं बोलत होती तिकडे, ती निघून गेल्यावर, अंधारातून जाऊन बसणारं यंत्र. विद्यार्थ्यांनी मौज म्हणून केलं, त्यात वाईट हेतू नव्हता. पण नियम तोच ठेवून कानाच्या जागी टेप ठेवला तर ते काय होईल हे सांगायला नको.

ब्रूक्स यांनी 1990 मध्ये दोन विद्यार्थ्यांबरोबर कंपनी काढली, आयरोबो. 2002 साली या कंपनीचे दोन रोबो जगापुढे आले. एक रूंबा, घरातला केर काढणारी चकती. दुसरा पॅकबॉट, जो अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्याबरोबर गुहा तपासायला गेला. एकाच छपराखाली झाडू आणि सैनिक. रूंबाची सुरुवातीची इंद्रियं अगदी कासवाच्या वळणाची. धडक कळायची, जिन्याची कड कळायची, भिंत जवळ आहे हे कळायचं. घराचा नकाशा त्याला माहीत नव्हता. तो इकडेतिकडे आपटत फिरायचा आणि तरी घर झाडून व्हायचं.

पुढे 2015 मध्ये वरच्या मॉडेलला कॅमेरा बसला. सोयीचंच होतं, रोबो खोल्या लक्षात ठेवू लागला. आणि 2022 च्या डिसेंबरात एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या मासिकाने उघड केलं की चाचणीसाठी घराघरांत दिलेल्या काही रूंबांनी 2020 मध्ये काढलेले फोटो सोशल मीडियावरच्या खासगी ग्रुपांत फिरत होते. त्यात बाथरूममध्ये बसलेल्या एका बाईचाही फोटो होता. फोटोंतल्या वस्तूंना नावं देण्याचं काम दुसऱ्या कंपनीकडे, तिथून व्हेनेझुएलात घरबसल्या काम करणाऱ्या माणसांकडे गेलं होतं, आणि तिथून ते बाहेर पडले. कंपनीचं म्हणणं असं की ही बाजारातली यंत्रं नव्हती आणि वापरणाऱ्यांनी संमतीवर सह्या केल्या होत्या. केल्या असतील. पण घरातल्या माणसांच्या दृष्टीने केर काढणारं यंत्र केर काढणारंच राहिलं होतं. बदललं होतं फक्त त्याचं इंद्रिय.

लहान यंत्राला कॅमेरा द्यायचाच असेल तर किती थोडं बघून भागतं, याचा सर्वांत सुंदर धडा मधमाशीने दिला आहे. तो वाचून दाखवणाऱ्यांत एक मोठं नाव आपल्या देशातलं. मंड्यम श्रीनिवासन, बंगळुरूत शिकले, मग अमेरिका, मग ऑस्ट्रेलियात कॅनबेरा. मधमाशीचा मेंदू जेमतेम मिलिग्रॅमभर, पेशी दहा लाखांच्या आसपास. तिचे दोन डोळे इतके जवळ आणि इतके घट्ट बसवलेले की आपल्यासारखं दोन डोळ्यांनी अंतर जोखणं तिला फारसं जमत नाही. तरी ती फटीतून बरोबर मधोमध उडते आणि फुलावर अलगद उतरते. कशी?

एसटीच्या खिडकीत बसा. जवळची बाभळ झर्रकन मागे जाते, लांबचा डोंगर जागचा हलत नाही. मधमाशी एवढंच बघते, चित्र किती वेगाने सरकतंय. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक बोगदा केला, दोन्ही भिंतींवर उभे पट्टे काढले. माशा मधोमध उडाल्या. मग एका बाजूची भिंत माशीच्याच दिशेने सरकवली, म्हणजे त्या बाजूचे पट्टे तिला हळू सरकताना दिसू लागले. माशा त्या भिंतीकडे झुकल्या. त्यांना वाटलं ही भिंत लांब आहे. म्हणजे नियम असा, दोन्ही बाजूंचं चित्र सारख्याच वेगाने सरकेल असं उड. उतरतानाही असंच. खालची जमीन एकाच वेगाने सरकताना दिसत राहील अशी उडत जा. जमीन जवळ येते तशी ती वेगाने सरकल्यासारखी दिसते, ते रोखायला माशी आपला वेग कमी करत जाते, आणि टेकते तेव्हा वेग जवळपास शून्य. उंची मोजली नाही, वेग मोजला नाही, गणित केलं नाही. विमान उतरवायला आपल्याला किती काटे लागतात ते आठवा.

पुढे 2000 साली याच मंडळींनी आणखी एक गंमत केली. माशांना जेमतेम सहा मीटर लांबीच्या अरुंद, नक्षीदार बोगद्यातून खाऊपर्यंत जायला लावलं. परत आलेल्या माशांनी पोळ्यावर नाचून बाकीच्यांना जे अंतर सांगितलं ते जवळपास 200 मीटरचं होतं. भिंती जवळ, त्यामुळे चित्र वेगाने सरकलं, त्यामुळे लांब आलो असं वाटलं. माशी खोटं बोलली नाही. तिच्या इंद्रियाने जे मोजलं तेच तिने सांगितलं. गावाबाहेर न गेलेल्या सर्वेक्षणांचे अहवाल वाचताना मला या माशा हटकून आठवतात.

आता एकाकडून दहांकडे, दहांकडून हजारांकडे. हार्वर्डमध्ये राधिका नागपाल (अमृतसरच्या) आणि मायकल रूबेनस्टाइन यांच्या गटाने किलोबॉट केला. तीन सेंटिमीटरच्या चकतीला तीन काड्यांचे पाय, मोबाइल थरथरवणाऱ्या मोटारी दोन, सुटे भाग 14 डॉलरचे. मुख्य इंद्रिय एकच. शेजाऱ्याने टेबलावर मारलेला इन्फ्रारेड उजेड परावर्तित होऊन आला की तो किती क्षीण झालाय यावरून शेजारी किती लांब आहे ते कळतं. कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही. 2014 मध्ये अशा 1024 रोबोंनी कोणी हात न लावता चांदणीचा आकार धरला, साधारण बारा तास लागले. कोणी वाटेत अडकला, कोणी बिघडला, तरी रांग पुढे सरकली. लग्नाच्या पंगतीत जसं कोणाला एकूण पानं किती ते माहीत नसतं पण शेजारचं पान बघून प्रत्येक जण बरोबर बसतो, तसंच.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठाने 2019 मध्ये हेच हवेत केलं. 33 ग्रॅमचे सहा ड्रोन एका ऑफिसच्या मजल्यावर सोडले. नकाशा नाही, जीपीएस नाही. भिंत आली की तिच्या कडेने जा, एकमेकांच्या वाटेत येऊ नका, बॅटरी कमी झाली की रेडिओचा सिग्नल ज्या दिशेला वाढतो तिकडे परत या. एल्सीचं खुराडं आठवलं ना? बरोबर छोटे कॅमेरे होते, आणि उद्देश सांगितला होता पडलेल्या इमारतीत अडकलेली माणसं शोधण्याचा. चांगलाच उद्देश आहे. भूकंपात असा ड्रोन मिळाला तर कोणीही हात जोडेल.

हेरगिरीवाल्यांना हे सगळं फार आधी हवं होतं, पण नुसतं हवं असून होत नाही. अमेरिकेच्या सीआयएने 1970 च्या दशकात चतुराएवढं उडतं यंत्र केलं, ग्रॅमभर वजनाचं, ज्यात ऐकण्याचं यंत्र घालायचं होतं. आडवा वारा सुटला की ते भरकटे. कळणं दूरच, वळणंच जमेना. ते आता त्यांच्या संग्रहालयात आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर बर्कलीत "स्मार्ट डस्ट" म्हणजे हुशार धुळीचं काम सुरू झालं, आणि 2001 मध्ये कॅलिफोर्नियात छोट्या विमानातून टाकलेल्या काही सेन्सरांनी रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ओळखूनही दाखवल्या. हार्वर्डची 80 मिलिग्रॅमची रोबोमाशी 2013 मध्ये उडाली, पण वीज आणि मेंदू दोन्ही तारेने बाहेरच. 2019 मध्ये तार तुटली तेव्हा ती अर्धा सेकंद उडाली. त्यामुळे हाताच्या बोटावर बसलेल्या "सरकारी डासा"चा जो फोटो दर पावसाळ्यात फिरतो, तो पुढे पाठवू नका. उडायला जेवढी वीज लागते तेवढी डासाच्या आकारात आजही मावत नाही.

डासाची भीती घालवली म्हणजे भीतीचं कारण संपलं असं मात्र नाही. नॉर्वेत बनलेला ब्लॅक हॉर्नेट हा तळहातावर मावणारा ड्रोन ब्रिटिश सैनिकांनी 2013 च्या सुमारास अफगाणिस्तानात वापरला. वजन 16 ग्रॅम, कॅमेऱ्यांसकट. साध्या पत्रापेक्षा थोडा जड.

आता आपला कायदा बघा. 2021 चे ड्रोन नियम ड्रोनचे पाच वर्ग करतात. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, मग 25 किलो, मग 150 किलो, मग त्यापुढचे. नॅनोला पायलटचं लायसन्स लागत नाही. अंगावर पडला तर किती लागेल, या हिशेबाने हे वर्ग ठीकच आहेत, आणि पोरांच्या खेळण्याला लायसन्स मागायचं कारणही नाही. पण सगळी वर्गवारी वजनाची आहे. त्या वजनात इंद्रिय कोणतं बसवलंय याला वर्ग नाही. 240 ग्रॅमचं आंधळं खेळणं आणि 240 ग्रॅमचा चेहरे टिपणारा कॅमेरा तिथे एकाच रांगेत उभे आहेत. पंचाहत्तर वर्षांत वजन कमी कमी होत गेलं आणि कळणं वाढत गेलं, आपण मात्र तराजू घेऊन बसलोय. कोणाची माहिती कोणी घ्यावी याचा 2023 चा वेगळा कायदा आहे. त्याच्या सतराव्या कलमात, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार ज्या यंत्रणांना अधिसूचनेने वगळेल त्यांना तो लागू होत नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडून गेलंय. गावठाणांची ड्रोन मोजणी, स्वामित्व योजना. ड्रोन काही इवला नव्हता आणि पुढे मिळकत पत्रिकांचे घोळ निघाले ते वेगळे, पण त्यातली एक गोष्ट मला बरोबर वाटली. ड्रोन उडायच्या आधी गावात माणसांनी चुन्याने हद्दी आखल्या. कोणाची भिंत कुठपर्यंत, रस्ता कुठला, यावर भांडणं झाली ती जमिनीवर, सगळ्यांसमोर. ड्रोनला काय दिसणार हे गावाला आधी माहीत होतं.

तेव्हा तुमच्या नगरपरिषदेच्या किंवा पंचायत समितीच्या विषयपत्रिकेवर ड्रोन, पाइपात शिरणारा रोबो, "एआय आधारित" काहीही आलं असेल, तर निविदेतली तांत्रिक मापं मागून घ्या. माहिती अधिकारात मिळतात. त्यात तीन गोष्टी शोधतोय मी. सेन्सर कोणते आहेत, ते टिपतात ते कुठे आणि किती दिवस साठवलं जातं, आणि कशावर वळायचं हा नियम पुढे बदलायचा अधिकार कोणाकडे, पालिकेकडे की ठेकेदाराकडे. माझ्याकडे आतापर्यंत दोन निविदा आल्या आहेत. दोन्हींत वजन, बॅटरी आणि वॉरंटी लिहिलेली आहे, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकीतही नाही. तुमच्याकडची असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा, नाव गुप्त ठेवीन.